पदवीच्या नावात ‘ग्लोबल’ असलं की झालं का?

ताई, नमस्कार. मी तासगाव तालुक्यातल्या एका गावात राहते. बारावी सायन्सला आहे, पण मला डॉक्टर-इंजिनिअर व्हायचं नाही हे आता घरात सगळ्यांनी मान्य केलंय. मला आंतरराष्ट्रीय घडामोडींची आवड आहे. ‘ग्लोबल अफेअर्स’, ‘इंटरनॅशनल स्टडीज’ अशा पदव्या असतात हे आमच्या कॉलेजात एका खासगी विद्यापीठाची माणसं माहिती द्यायला आली तेव्हा कळलं. तेव्हापासून त्यांचे फोन येतात. वसतिगृह धरून चार वर्षांचा खर्च 28 लाख सांगतात. पप्पांची चार एकर द्राक्षबाग आहे. ते म्हणतात, कर्ज काढू. मामा पुण्यात असतो. तो म्हणतो, बीएला एवढे पैसे घालणं हा वेडेपणा आहे, त्यापेक्षा बीसीए कर. मला परराष्ट्र सेवेत किंवा युनोत काम करायचंय. ही पदवी घेऊ का? परदेशात जाऊन घेतली तर जास्त किंमत असते का? दहावीपर्यंत माझं मराठी माध्यम होतं, इंग्रजी बेताचंच आहे. निभावेल का?
— म. पा., जि. सांगली

प्रिय म.,

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुला निवांत वाचता येईल. विषय सोडू नकोस. ती 28 लाखांची पदवी मात्र घेऊ नकोस. मामाचं अर्धं बरोबर आहे, पण त्यावरचा त्याचा उपाय चुकीचा आहे. आंतरराष्ट्रीय घडामोडींची आवड असलेल्या मुलीला बीसीएला घालणं म्हणजे आजार एकीकडे आणि मलम दुसरीकडेच.

आधी विषयाबद्दल बोलू, कारण तुझ्या पत्रात फी आहे, फोन आहेत, मामा आहे. या अभ्यासात नेमकं शिकतात काय, ते कुठंच नाही. माहिती द्यायला आलेल्यांनी ते सांगितलं नसावं.

तुझ्या भागातला एक द्राक्षाचा कंटेनर घेऊ. माल पॅकहाउसमधून निघतो, न्हावाशेवाला जहाजावर चढतो, अरबी समुद्र, मग लाल समुद्र, सुएझ आणि पुढे रॉटरडॅम. नोव्हेंबर 2023 मध्ये येमेनच्या हूथी बंडखोरांनी ‘गॅलेक्सी लीडर’ नावाचं जहाज पळवलं. ते गुजरातेतल्या पिपावाव बंदराकडे यायला निघालेलं होतं. गाझातल्या युद्धाचं निमित्त करून त्यांनी पुढे आणखी जहाजांवर हल्ले केले आणि मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझचा रस्ताच सोडला. जहाजं आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपवरून जाऊ लागली. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी वाढला, भाडं वाढलं, विम्याचा हप्ता वाढला. द्राक्ष काही पोलाद नाही; शीतकंटेनरमध्येसुद्धा त्याचे दिवस मोजलेले असतात. 2024 च्या हंगामात निर्यातदारांनी बागेवर येऊन दर का पाडले, याचं निम्मं उत्तर बाब-अल-मंडब नावाच्या एका चिंचोळ्या सामुद्रधुनीत होतं.

आता या एका कंटेनरमध्ये किती विषय भरलेत बघ. हूथी कोण, ते इराणच्या जवळ का, सौदी अरेबियाशी त्यांचं वाकडं कशावरून, हा पश्चिम आशियाचा प्रादेशिक अभ्यास. परक्या देशाच्या किनाऱ्याजवळून व्यापारी जहाजांनी जायचा हक्क कुठल्या कायद्याने येतो? तो 1982 च्या सागरी कायद्याच्या करारातून येतो. हा आंतरराष्ट्रीय कायदा. भाडं आणि विमा वाढल्यावर बोजा कुणावर पडतो, शेतकऱ्यावर, निर्यातदारावर की जर्मनीतल्या गिऱ्हाइकावर, हे अर्थशास्त्र. आणि तिकडे पोचलेल्या मालाच्या नमुन्यात औषधाचा अंश किती चालतो हे युरोपने ठरवायचं आणि आपण मानायचं, याला जागतिक व्यापार संघटनेचे नियम लागतात. पप्पांना 2010 चा हंगाम विचार. सीसीसी नावाच्या, वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली होती, तेव्हा बागायतदारांनी काय सोसलं ते पप्पा माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

कांद्याचंही तेच. सप्टेंबर 2019 मध्ये आपण निर्यात बंद केली आणि आठवड्याभरात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या. उद्योजकांच्या बैठकीत त्या हसत हसत म्हणाल्या, मी स्वयंपाक्याला सांगून टाकलंय, कांदा घालू नकोस. पुढच्या वेळी आधी सांगत जा. सभागृह हसलं, पण ती एका शेजारी देशाची रीतसर तक्रार होती. त्यानंतरही डिसेंबर 2023 ते मे 2024 पुन्हा बंदी आलीच. लासलगावच्या बाजारात भाव पडतो ती बातमी आपण ‘शेती’ या पानावर वाचतो. ढाक्यात तीच बातमी ‘भारत’ या पानावर असते.

तर विषय असा आहे, आणि तो तुझ्या बागेच्या बांधापर्यंत आलेला आहे. ‘बीए करून काय करणार’ म्हणणाऱ्यांना हे सांगायला हरकत नाही.

पण खरी गोम पुढेच आहे. त्या कंटेनरमधल्या सगळ्या विषयांची तोंडओळख असलेली मुलं पुष्कळ असतात. त्यातलं एकच नीट येणारी फार थोडी. आणि काम मिळतं ते त्या थोड्यांना. ज्याला अरबी वाचता येतं, ज्याला व्यापाराच्या आकडेवारीतून काही काढता येतं, जो करारातलं कलम उघडून ‘इथे पळवाट आहे’ म्हणू शकतो, त्याला निर्यात कंपनी घेते, संशोधन संस्था घेते, वृत्तपत्र घेते, सरकारही घेतं. उरलेले बहुतेक जण चर्चासत्रात बसून उंटावरून शेळ्या हाकतात. तीन-चार वर्षांची ‘ग्लोबल’ पदवी मुख्यत्वे तोंडओळख करून देते. ती वाईट नसते. चांगल्या ठिकाणी तर फार सुंदर करून देतात. पण खोली भाषेतून, आकडेवारीतून, कायद्यातून किंवा एखाद्या प्रदेशाच्या वर्षानुवर्षांच्या अभ्यासातून येते. ती नुसत्या पदवीच्या नावातून येत नाही.

म्हणून कुठल्याही विद्यापीठाचं माहितीपत्रक हातात आलं की पहिल्या वर्षाचे विषय वाचायचेच नाहीत. ते सगळीकडे सारखेच देखणे असतात. तिसऱ्या वर्षाचे काढ. अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र सक्तीचं आहे की ‘घ्यायचं तर घ्या’? परकी भाषा दोन सत्रांत गुंडाळतात की तीन वर्षं शिकवतात? शिकवणारे पूर्णवेळ किती, आणि त्यांच्यातल्या कुणी एखाद्या देशात राहून काम केलंय का? शेवटच्या वर्षी मोठा प्रबंध लिहून घेतात का? पत्रकात मॉडेल युनायटेड नेशन्सचेच, म्हणजे युनोच्या सभेच्या नकलेचेच, फोटो जास्त असतील, कोट घालून टेबलावर देशाच्या पाट्या ठेवलेली मुलं, तर थोडं सावध हो. त्यात बोलायची भीड चेपते, ते खरंय. पण त्यासाठी 28 लाख लागत नाहीत, आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धा पुरतात.

आता पैशाचं. पप्पांनाही हा भाग वाचून दाखव. 28 लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी, दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता महिन्याला 37 हजारांच्या आसपास बसतो, आणि शिक्षण चालू असताना साठलेलं व्याज मी त्यात धरलेलंच नाही. या विषयातल्या नुसत्या बीएला पहिल्या नोकरीत तेवढा पगार मिळाला तर नशीब म्हणायचं. मिळाला तरी सगळा हप्त्यात जाणार. हा नाकापेक्षा मोती जड झाला. शिवाय साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात आणि शेतजमीन तारण घ्यायला त्या नाखूश असतात, म्हणजे बोट राहत्या घराकडे जातं. पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारणाशिवाय कर्ज मिळतं, आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलतही आहे. पण ती ठरावीक संस्थांच्या यादीपुरती आहे. तुला फोन करणारं विद्यापीठ त्या यादीत आहे का, हे त्यांनाच विचार. उत्तर द्यायला किती वेळ लागतो तेही बघ. बागेचं उत्पन्न एका गारपिटीवर असतं, हप्ता मात्र दर महिन्याला येतो, हे मी द्राक्षबागायतदाराला काय सांगायचं!

खासगी विद्यापीठं सगळी टाकाऊ आहेत असं मला म्हणायचं नाही. पुण्याच्या फ्लेममध्ये इंटरनॅशनल स्टडीज हा मुख्य विषय घेता येतो, सोनिपतच्या जिंदालमध्ये ग्लोबल अफेअर्सची ऑनर्स पदवी आहे, दिल्लीजवळच्या शिव नाडरमध्ये आंतरराष्ट्रीय संबंध आणि प्रशासन असा एकत्र अभ्यास आहे. शिकवणारे चांगले, ग्रंथालयं चांगली. घरची परिस्थिती पाहून फी माफ करायच्या योजनाही काही ठिकाणी असतात. अर्ज करायला हरकत नाही. निम्म्याहून बरीच जास्त फी माफ झाल्याचं पत्र हातात आलं तर मला पुन्हा लिही, मी मत बदलेन. पण ‘आधी प्रवेश घ्या, शिष्यवृत्तीचं नंतर बघू’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठायचं.

सरकारी बाजूला तुला तीन रस्ते दिसतात, आणि माझ्या मते तिन्ही त्या 28 लाखांपेक्षा बरे.

पहिला पुण्याचा, आणि तुझ्यासाठी माझा कौल यालाच. अर्थशास्त्र मुख्य विषय आणि राज्यशास्त्र दुय्यम, असं बीए. नव्या शैक्षणिक धोरणानंतर हे मेजर-मायनर आपल्याकडे सगळीकडे आलंय, त्यामुळे अशी जोडी जमवता येते. फर्ग्युसन, एस. पी. अशा कॉलेजांत चौकशी कर. गणिताशी तुझं जमत असेल, आणि सायन्सला आहेस म्हणजे निदान भांडण तरी नसेल, तर गोखले अर्थशास्त्र संस्थेची बीएस्सी इकॉनॉमिक्स बघ. 1930 पासूनची संस्था आहे, फी बीएपेक्षा जास्त आहे पण 28 लाखांच्या जवळपासही जात नाही. पुणे विद्यापीठाच्या काही कॉलेजांत संरक्षणशास्त्र हाही विषय मिळतो. मुलींनी तो घ्यायचा नसतो असं कुणी म्हणालं तर हसून सोडून दे. आणि याच्या जोडीला पहिल्या दिवसापासून रानडे इन्स्टिट्यूटमध्ये एक भाषा. विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग तिथे आहे. जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी, स्पॅनिश यांचे अर्धवेळ वर्ग चालतात, फी सामान्य घराला झेपेल अशी असते आणि फर्ग्युसनमधून चालत जाता येतं. खोली आणि मेस धरून पुण्यात महिना दहा-बारा हजार धर. तीन वर्षांत जे खर्च होतील त्यात तुझी पदवीही होईल आणि भाषाही. मामा पुण्यात आहे, तो वर्षभर ठेवून घेतो का विचार. बीसीएचा आग्रह धरणाऱ्याने एवढं करायला काय हरकत आहे?

दुसरा रस्ता दिल्लीचा. जेएनयूचं आंतरराष्ट्रीय अभ्यासाचं केंद्र देशात नावाजलेलं. 1955 मध्ये सप्रू हाउसमध्ये सुरू झालेली संस्था 1970 मध्ये जेएनयूत आली. पण तिथे बीए नाही, एमए आणि पीएचडीच आहे, हे मुलांना अर्ज भरायला बसल्यावर कळतं. बारावीनंतर जेएनयूत या वाटेने जायचं तर परकीय भाषेच्या ऑनर्स पदवीला जावं लागतं: चिनी, रशियन, अरबी, फारसी, जपानी, कोरियन, अशा. मी तर म्हणेन की दिल्ली घरच्यांना चालत असेल तर हे सोनं आहे. शिकवणी फी वर्षाला तीन आकड्यांत, आणि तीन वर्षांनी हातात अशी भाषा, जी शेजारच्या माणसाला येत नाही. प्रवेश सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून. ती परीक्षा मराठीतूनही देता येते, पण बोर्डाच्या परीक्षेच्या धामधुमीतच तिचे अर्ज निघतात, तेव्हा राष्ट्रीय परीक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर जानेवारीपासून लक्ष ठेव.

तिसरा, कोलकात्याचं जादवपूर. तिथला आंतरराष्ट्रीय संबंधांचा विभाग 1956 चा, आणि सरकारी विद्यापीठात या विषयाची बीए ऑनर्स देणाऱ्या मोजक्या जागांपैकी एक. फी नगण्य, शिक्षण कडक, गाव लांब, बंगाली कानावर पडून येईलच. प्रवेशाचे नियम त्या वर्षीचे बघून घे. खरं तर ‘हीच पदवी हवी’ असा तुझा हट्ट असेल तर तो जादवपूरला पुरव.

भाषा कुठली, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण मला तो पदवीपेक्षा मोठा वाटतो. पुण्यात जर्मन आणि जपानी शिकणाऱ्यांची रांग आहे, कारण तिकडे कंपन्या आहेत. घे की, पण पहिल्या दोन पातळ्यांचं प्रमाणपत्र भिंतीला टांगण्यापुरतं असतं. जर्मनमध्ये बी-टू, जपानीत एन-टू या वरच्या पातळ्या, तिथपर्यंत गेलीस तरच तुला भाषा येते असं लोक मानतील, आणि त्याला तीन-चार वर्षं नेमाने बसावं लागतं. मला विचारशील तर अरबी. आखाती देशांत 90 लाखांच्या आसपास भारतीय आहेत, रत्नागिरी-रायगडची अख्खी घरं त्या पैशावर उभी आहेत, तुझ्या भागातली द्राक्षंही दुबईला जातात, आणि तरी अरबी वाचून तिथलं राजकारण मराठीत सांगणारी माणसं शोधावी लागतात. गोव्यात कुणी नातेवाईक असतील तर पोर्तुगीजही वाईट नाही. गोवा विद्यापीठात तिचा विभाग आहे, आणि ब्राझील, अंगोला, मोझांबिक एवढा मुलूख त्या एका भाषेत येतो.

परदेशाचं थोडक्यात. हा विषय विद्यापीठात आला तो पहिल्या महायुद्धानंतर. वेल्समधल्या अॅबरिस्टविथला 1919 मध्ये आंतरराष्ट्रीय राजकारणाचा जगातला पहिला विभाग निघाला, त्याच वर्षी अमेरिकेत जॉर्जटाउनमध्ये परराष्ट्र सेवेची शाळा. तिथे शिकायला मिळणं मोठंच आहे. पण बारावीनंतर स्वतःच्या पैशाने जाऊ नये. तिथल्या एका वर्षाच्या खर्चात तुझं पुण्यातलं सगळं शिक्षण होऊन पैसे उरतील. केंद्राच्या आणि राज्याच्या परदेश शिष्यवृत्त्या बहुतेक एमए-पीएचडीसाठीच आहेत, तेव्हा परदेश एमएला ठेव. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नसते हे तुझ्या कानावर आलं असेल. तेही खरं, पण तिथे पदवीचं शिक्षण मुख्यतः जर्मनमधून चालतं आणि आपली नुसती बारावी सहसा पुरत नाही. आधी तयारीचं वर्ष किंवा इथल्या पदवीचं एखादं वर्ष लागतं.

एक अपवाद आहे, जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती. बारावीनंतरच्या मुलांसाठी आहे, सामाजिक शास्त्रांनाही आहे. पहिलं वर्ष फक्त जपानी भाषा, मग चार वर्षं तिथल्या विद्यापीठात पदवी. फी नाही, विमानभाडं ते देतात, खर्चायला महिन्याला 1,17,000 येन मिळतात. अर्ज जपानच्या दूतावासातर्फे, लेखी परीक्षेत गणित आणि इंग्रजी असतं. जागा अगदी मोजक्या, चुरस भयंकर. तू सायन्सची आहेस, गणित चालू असेल तर एकदा बसून बघ. भरवसा ठेवू नकोस, पण अर्ज चुकवूही नकोस.

आता परराष्ट्र सेवा. यूपीएससीला कुठलीही पदवी चालते. परराष्ट्रमंत्री जयशंकर बीएस्सीला रसायनशास्त्राचे विद्यार्थी होते, या विषयाकडे ते एमएला वळले. शिरोळ तालुक्यातल्या अब्दुल लाटचे ज्ञानेश्वर मुळे 1983 मध्ये सेवेत गेले आणि पुढे न्यूयॉर्कला आपले महावाणिज्यदूत झाले. अब्दुल लाट तुझ्यापासून काही फार लांब नाही. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, वैकल्पिक विषय म्हणून राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध घेता येतो. पण परराष्ट्र सेवेच्या जागा गेल्या काही परीक्षांत वर्षाला साधारण 35 ते 55 निघाल्यात. लाखो मुलांतून एवढ्याच. म्हणून ‘परराष्ट्र सेवा नाहीतर काहीच नाही’ असा बेत करू नकोस. आणखी एक दार आहे, ते क्लासवाले फार सांगत नाहीत: स्टाफ सिलेक्शनच्या पदवीधर परीक्षेतून परराष्ट्र मंत्रालयात सहायक कक्ष अधिकारी म्हणून जाता येतं. राजदूत होऊन गाडीवर झेंडा नाही, पण दूतावासांत बदल्या होतात, आणि व्हिसापासून अडकलेल्या कामगारांपर्यंतचं काम जवळून बघायला मिळतं.

युनोबद्दल लोकांच्या मनात फार धुकं आहे. तिथल्या अधिकारी पदांना बहुधा एमए आणि काही वर्षांचा अनुभव मागतात. तरुणांसाठी एक खास परीक्षा आहे, वयाची अट 32, नुसती पदवी चालते. पण त्या वर्षीच्या देशांच्या यादीत भारत असेल तरच बसता येतं. इंटर्नशिपला सचिवालय पैसे देत नाही, न्यूयॉर्क किंवा जिनिव्हात राहायचा खर्च आपला आपण. यात द्राक्षबागेच्या पैशाने जायचं की नाही ते तूच ठरव. मुंबईत गेटवे हाउस, पुण्यात पुणे इंटरनॅशनल सेंटर अशा संस्था आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तिथे उन्हाळ्यात काम मिळतं का बघ, त्याने तुला या क्षेत्राचा रोजचा कंटाळाही कळेल. कंटाळा भरपूर असतो. अहवाल, तक्ते, तळटिपा.

इंग्रजीची काळजी करतेस, ती मला फारशी वाटत नाही. तुझं पत्र नीट होतं: काय विचारायचंय ते तुला माहीत होतं आणि ते तू एका पानात मांडलंस. इंग्रजीतूनही शेवटी एवढंच जमावं लागतं. सराव सांगते, करून बघ. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर दोन देशांची संयुक्त निवेदनं असतात, इंग्रजीत, बहुतेक पाच-सहा पानांची. एक देश धर, समज बांगलादेश किंवा जपान. या वर्षीचं निवेदन काढ, दोन-तीन वर्षांपूर्वीचं काढ, शेजारी ठेव. आधी होतं आणि आता गळलं असं काय आहे, नवीन काय आलंय, त्यावर मराठीत अर्धं पान लिही. मराठीतच लिही, कळलं की नाही ते आपल्या भाषेत लपत नाही. पहिल्या निवेदनाला तुला दोन दिवस लागतील आणि शब्दकोश सारखा उघडावा लागेल. बोर्डाची परीक्षा संपली की सुरू कर. जूनपर्यंत असं आठ-दहा वेळा केलंस आणि तरी पुढचं उघडावंसं वाटलं, तर मामाशी वाद घालायला तुला माझ्या पत्राची गरज पडणार नाही. कंटाळा आला, तर तेही प्रवेशाआधी कळलेलं बरं.

राहता राहिले ते फोन. ‘जागा अडवून ठेवायची तर आजच पंचवीस हजार भरा’ असं म्हणतील, बहुतेक बोर्डाच्या निकालाच्या आधीच. पप्पांना सांग, निकाल आणि सीयूईटी होईपर्यंत एक रुपया भरायचा नाही. भरलाच, तर त्यांनी जाहीर केलेली प्रवेशाची शेवटची तारीख लेखी मागून घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे त्या तारखेच्या किमान 15 दिवस आधी माघार घेतली तर प्रक्रियेचे पैसे कापून पूर्ण फी परत मिळते. पुढे परतावा कमी होत जातो आणि तारीख उलटून 30 दिवस झाले की काही मिळत नाही. उत्पन्नाचा दाखला मात्र आत्ताच तहसीलमधून काढून ठेवा. फीमाफी असो की कर्ज, पहिला कागद तोच मागतात.